पोहण्याचा दाखला

समुद्र तापला की परभणीकडचा पाऊस का दडी मारतो, हे शोधायला सुकेशनीची कोकणातल्या एका सागरी प्रयोगशाळेत निवड झाली. जाण्यायेण्याचा, राहण्याचा सगळा खर्च त्यांचाच. फक्त रोज होडीतून खोल पाण्यात जायचं, म्हणून पोहता येत असल्याचा दाखला आठ दिवसांत हवा होता.

"त्यात काय लय?" तिचे वडील सिताराम म्हणाले. "पाठीला डबा बांधून बापानं मला हिरीत ढकललं. तिसऱ्या दिवशी पवाया लागलो."

रिकामा डबा आणि दोरी घेऊन त्यांनी लेकीला मोटारसायकलवर बसवलं. घरची विहीर पाहिली, चारठाण्याला मामाची पाहिली, मग ओळखीच्या सगळ्यांच्या. सगळीकडे तळाला चिखल.

सातव्या दिवशी शेवटच्या विहिरीवर त्यांनी तिच्या पाठीला डबा बांधलाच.

"उतर."

"बाबा, पाणी न्हाई त्यात."

"उतर म्हणलं ना! चिखलात तर चिखलात, हातपाय मार!" त्यांनी दोरी मुठीभोवती गुंडाळली.

सुकेशनीनं डबा सोडला. तिथंच काठावर बसून तिनं मोबाइलवर प्रयोगशाळेचा फॉर्म उघडला. 'पोहता येतं का?' पुढे 'नाही' लिहिलं. खाली विचारलं होतं, 'येत नसल्यास कारण?'

तिनं लिहिलं, 'तेच शोधायला यायचं होतं.'