चाचणीला आलेल्या काकू

"मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, काकू. आवडलं तर आवडलं म्हणा, टोचलं तर टोचलं म्हणा. मी मध्ये तोंड उघडणार नाही."

पुतणीने फोन काकूंच्या हातात दिला आणि आपली खुर्ची मागे सरकवली. खोलीच्या एका भिंतीला काळी काच होती. काचेपलीकडे कंपनीचे मालक आणि हाताखालची चार माणसं बसली होती. नवं ॲप साध्यासुध्या माणसाला जमतं की नाही, हे ही मंडळी तिथून बघत. काय खाल्लं ते नोंदवायचं, आणि त्यात काय कमी, काय जास्त, ते ॲप समजावून सांगणार. सगळी आखणी पुतणीची होती. मोठी अक्षरं, मोजकी बटणं, चुकलं तरी न ओरडणारी गोड भाषा.

चाचणीला ओळखीचं माणूस आणायचं नाही, हा नियमही तिचाच. तो तिनेच मोडला होता. काकूंना नुकतीच साखर निघाली होती, म्हणजे निमित्त आयतंच चालून आलं.

आई गेल्यावर ती काकूंकडे वाढली. काकूंनी तिला उपाशी ठेवलं नाही, पण सुखाचा घासही घेऊ दिला नाही. ढोली म्हणत. पाहुण्यांदेखत म्हणत, शाळेच्या फाटकात म्हणत. घास तोंडाशी गेला की टोमणा आलाच. ते सगळे टोमणे पुतणीला तोंडपाठ होते. ॲपमधली समजूतदार वाक्यं तिने या एका फोनपुरती काढली होती आणि त्यांच्या जागी एकेक टोमणा बसवला होता. आपले शब्द काकूंनी आपल्याच तोंडाने वाचावेत. चार लोकांसमोर वाचावेत. मग त्यांची मान खाली जावी, डोळ्यांत पाणी यावं. इतकी वर्षं तिने एवढ्याचीच वाट पाहिली होती.

काकूंनी नाश्ता नोंदवला. ब्रेड, लोणी, दोन अंडी. पुढे साखर घातलेला चहा. फोन थरथरला. काकूंनी चष्मा सारखा करून वाचलं.

"खा, खा. वाढणाऱ्याचे हात दुखतील, तुझं तोंड काही दुखायचं नाही."

पुतणी त्यांचा चेहरा निरखत होती. काकूंनी बिस्किटं नोंदवली.

"जिवापेक्षा जीभ मोठी झाली की असंच होतं, ढोले."

काकूंनी फोन मांडीवर ठेवला. त्यांचे ओठ थरथरले. डोळ्यांत खरंच पाणी आलं. पुतणीच्या छातीत आनंद मावेना.

मग काकू काचेकडे वळल्या.

"हे माझं बोलणं आहे हो. असं बोलून बोलूनच मी या पोरीला माणसात आणली. आणि हिने बघा, शब्दन् शब्द जपून ठेवलाय."

त्यांनी पदराने डोळे टिपले. कौतुकाचं पाणी होतं ते. पुतणीला बोलायचं होतं, पण काकूंसमोर तिची जीभ आजवर कधी उचलली नव्हती. आजही उचलली नाही.

मालक जवळजवळ धावतच आत आले. गोड बोलणारी ॲप पैशाला पासरी मिळतात, घरच्या माणसासारखं फटकारणारं एकही नाही, असं म्हणाले. वाक्यं हीच ठेवायची, आणि आवाज काकूंचाच हवा. काकू आधी लाजल्या, मग हो म्हणाल्या. ही वाक्यं फक्त आजच्यापुरती होती, असं पुतणी पुटपुटली. का, ते मालकांनी विचारलं. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. काहीच नाही, असं म्हणून तिने हात झटकले.

ॲप बाजारात गेलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. ऑफिसांत, बसमध्ये काकूंच्या नकला होऊ लागल्या. पुतणीला बढती मिळाली. तिने ती मुकाट्याने घेतली.

एका संध्याकाळी ती बेकरीत रांगेत उभी होती. पुढे एक बाई होती आणि तिच्या बोटाला धरून एक गुबगुबीत मुलगी. मुलीने गोड पाव घेऊन एक घास खाल्ला. आईने कर्तव्य केल्यासारखं ते फोनवर नोंदवलं.

"खा, खा. वाढणाऱ्याचे हात दुखतील..."

रांगेतली माणसं खो खो हसली. बेकरीवालाही हसला. मुलीने तोंडातला घास कसाबसा गिळला आणि उरलेला पाव कागदात परत गुंडाळला. मग आईचा हात ओढून ती हळूच म्हणाली,

"आई, या काकू आपल्या घरातून कधी जाणार?"