व्हेअर कुठाय?

आमच्या जावास्क्रिप्टमध्ये डेटाबेसशी बोलायला ओआरएम नावाचा दुभाष्या आहे. घाई असली की मी त्याच्या हातात कच्ची क्वेरी, म्हणजे स्वतः लिहिलेला थेट हुकूम, कोंबते. ती तो बिचारा जशीच्या तशी पुढे नेतो, एक अक्षरही बदलत नाही.

आज दुपारी रक्तपेढीच्या डेटाबेसमधून चाचणीसाठी घातलेला एक खोटा रक्तदाता पुसायचा होता. बाहेर एक बाप मुलीसाठी रक्तदात्याच्या फोन नंबरची वाट बघत बसला होता. मी डिलीट लिहून एंटर दाबलं आणि मग लक्षात आलं. नेमकं कोणाला पुसायचं ते सांगणारं ‘व्हेअर’ लिहायचंच राहिलं होतं. म्हणजे सगळेच साफ!

स्क्रीनवर आलं: एक नोंद पुसली.

डेटाबेसकडे गेलेली प्रत्येक क्वेरी जशीच्या तशी टिपणारा लॉग मी घाईघाईने उघडला. माझ्या क्वेरीपुढे व्हेअर होतं, अगदी त्या खोट्या दात्याच्या क्रमांकासह. शेवटी शेरा होता, "अगं बये, व्हेअर कुठाय?"

मला काम शिकवणारे सर खुर्चीमागे उभे राहून असंच ओरडायचे. त्यांना जाऊन वर्ष झालं.

माझे डोळे भरून आले. हात जोडून पुटपुटले, "सर, वाचवलंत हो."

कीबोर्डला कुणाचाच हात नव्हता. लॉगमध्ये नवी ओळ उमटली.

"असू दे गं. फक्त मागे वळू नकोस."