टपोरा दाणा

धुळ्याचे नेमीचंद शेठ घरामागच्या खोलीत खडीसाखर बनवत. उकळत्या पाण्यात साखर भरपूर विरघळते. तो पाक दोरे ताणलेल्या पातेल्यांत ओतून आठ दिवस निवू द्यायचा. पाणी थंड होत जातं, तशी त्यात न मावणारी साखर दोऱ्यावर खडे धरते. मात्र पातेल्याला हादरा बसला की दाणा बारीक पडतो.

शेठच्या दोन्ही नाती त्या खोलीला लागून असलेल्या ओसरीवर दोरीच्या उड्या मारायच्या. एकदा सगळा माल बारीक निघाला. शेठनी थोरलीच्या थोबाडीत दिली. महिन्याभरात मुलगा बायको-मुलींना घेऊन सुरतेला राहायला गेला.

दिवाळीच्या तोंडावर चोपड्याचे दुकानदार कौतिक आबा माल न्यायला आले. एक खडा उजेडात धरून म्हणाले, "शेठ, इतला टपोरा दाणा तुमच्याकडे कधी पाहिला नव्हता. पाक बदलला का?"

"पाक तोच आहे, आबा. घरात आता हालचाल नाही."

आबा गेल्यावर शेठनी ऐन हंगामात भट्टी विझवली आणि ते मुलाला पत्र लिहायला बसले. 'भट्टी बंद ठेवली आहे. मुलींना घेऊन या.' पत्ता लिहिताना त्यांचा हात थांबला. सुरतेचा पत्ता त्यांनी कधी विचारलाच नव्हता.

राजकुंवरबाईंनी मसाल्याच्या डब्याखालून एक चिठ्ठी काढून नवऱ्यासमोर ठेवली. उघडून उघडून ती घड्यांवर फाटायला आली होती.