बांगड्या वाढल्या

"घरी सगळं ठीक आहे ना, विचारा तिला," मिडवाइफ इंग्रजीत म्हणाली आणि सुप्रभानं ते मराठीत विचारलं.

फोनवरून दुभाष्याचं काम करणारी सुप्रभा कार्डिफला, आपल्या घरातल्या छोट्या खोलीत हेडफोन लावून बसली होती. बाकीची तिघं लेस्टरच्या एका दवाखान्यात, स्पीकरवर टाकलेल्या फोनभोवती: मिडवाइफ, पाच महिन्यांची गरोदर वैभवी आणि तिचा नवरा अर्जुन. वैभवी साताऱ्याकडची, दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली, इंग्रजी जेमतेम. अर्जुन जन्मानं लेस्टरचाच. त्याचं इंग्रजी अस्खलित आणि मराठी असं, की ऐकणाऱ्यानं हसू दाबावं. सुरुवातीलाच तो म्हणाला होता, "आंटी, माझा बायको खूप शाय आहे. सगळा मीच सांगतो."

नवऱ्यानं दुभाष्याचं काम करायचं नाही, असा नियम मिडवाइफनं त्याला सांगितला. नवऱ्यानं थोडा वेळ बाहेर थांबायचं, हाही नियम होता. पण आज माणसं कमी होती आणि अर्जुन इतका गोडबोल्या, की त्याला उठवणार कोण.

"सगळं छान आहे मावशी," वैभवी म्हणाली. शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा तिचा आवाज सपाट होता. "घर भरलंय. श्रावणात बांगड्या वाढल्या. दिवाळीत मंगळसूत्र वाढलं. संक्रांतीला आरसा वाढला. आता घरात वाढायची मी तेवढी राहिलेय."

सुप्रभाचं पेन कागदावरच थांबलं.

वाईला तिच्या माहेरी बांगडी कधी फुटायची नाही, वाढायची. मंगळसूत्रही तुटायचं नाही, वाढायचं. सवाष्णीच्या घरात फुटणं-तुटणं तोंडातून काढायचं नाही, हे तिला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. वैभवीलाही कुणी तसंच शिकवलं असणार. पण आरसा वाढला असं कोणी म्हणत नाही. तो तिनं मुद्दाम घातला होता, ऐकणारीला नीट कळावं म्हणून.

बोललं जाईल तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. बारा वर्षं सुप्रभानं हा नियम पाळला होता. शिवाय आता खरं काय ते इंग्रजीत सांगितलं, तर ते आधी अर्जुनलाच कळणार आणि संध्याकाळी वैभवी त्याच्याच घरात असणार. तिनं शब्दाला शब्द ठेवला. बांगड्या वाढल्या, मंगळसूत्र वाढलं, आरसा वाढला. मिडवाइफ म्हणाली, किती छान. अर्जुन हसला आणि बायकोची हौस आपणच पुरवतो, असं त्यानं सांगितलं.

सुप्रभाकडे वैभवीचं आडनाव नव्हतं, पत्ता नव्हता. फोन कट झाला की ही पोर हातची गेली. दुभाषी पुरवणाऱ्या आपल्या कंपनीला कळवता आलं असतं, पण तो फॉर्म कुणी वाचेपर्यंत दोन दिवस जायचे.

मिडवाइफनं तपासायला लघवी मागितली आणि टेबलावर बाटली ठेवल्याचा आवाज आला.

तेव्हा सुप्रभाला ते आठवलं. या दवाखान्यातल्या बायकांच्या टॉयलेटमध्ये दारामागे एक पाटी होती. मागे एकदा कुणा बाईसाठी मिडवाइफनं ती तिला वाचून दाखवली होती. घरी मारहाण होत असेल तर खालच्या स्टिकरांतला एक लाल ठिपका बाटलीला चिकटवा, आम्ही काही तरी निमित्त काढून तुम्हाला एकटीला आत नेऊ. पाटी सात भाषांत होती. मराठी त्यात नव्हती.

"वैभवी, नीट ऐका," ती म्हणाली. "न्हाणीत दारामागं कुंकू आहे. बाटली बोडकी आणू नका. सवाष्ण करून आणा."

"काय, कुंकू?" अर्जुननं विचारलं.

सुप्रभा कामावर पहिल्यांदाच खोटं बोलली. पहिलटकरणीची जुनी रीत आहे, शुभ असते, असं तिनं इंग्रजीत सांगून टाकलं.

"ओह, ओके." तो हसला. "माझा आजी पण असला खूप करायचा. मला तिनंच वाढवला."

दार उघडलं आणि लागलं. पुढच्या तारखेचा कागद आणायला मिडवाइफही प्रिंटरकडे गेली. सुप्रभा घड्याळाकडे बघत राहिली. तिनं देवाला हात जोडले नव्हते त्याला बरीच वर्षं झाली होती, आज जोडले.

चार मिनिटांनी दार वाजलं.

"दे, मी धरतो. तू बस," अर्जुन म्हणाला. खुर्ची सरकली. कागद सोलल्यासारखं काही तरी बारीक वाजलं आणि मग मिडवाइफची पावलं आली.

आता ती म्हणेल, वजन करायला वैभवीला आत नेते, तुम्ही इथंच बसा. सुप्रभा कान देऊन वाट पाहत होती. मिडवाइफनं बाटली तपासली. साखर नाही, प्रोटीन नाही, सगळं उत्तम. चार आठवड्यांनी या.

लावलं नाही हिनं. भ्याली असेल, नाही तर आपलं बोलणंच कळलं नसेल. सुप्रभाला स्वतःचाच राग आला. थोडं सोपं करून सांगायला काय झालं होतं?

आणखी काही विचारायचंय का, असं मिडवाइफनं विचारलं. सुप्रभानं ते मराठीत सांगितलं, दोनदा सांगितलं.

मग अर्जुन फोनच्या जवळ आला. मराठी मिडवाइफला कळणार नव्हतं आणि त्याचा आवाज पहिल्याइतकाच गोड होता.

"थँक्यू आंटी. बांगडी फुटला म्हटला की आजी मला ओरडायचा. वाढला म्हण, म्हणायचा. आणि बाटलीचा कुंकू मी पुसला."