बेटाची वाट

दुर्गम स्थानाचे पुण्य अधिक मानले जाते. सोपी वाट मात्र सदैव उद्यावर ढकलली जाते.

एसटीने दोन तासांवरच्या कळवणला आईकडे जाणे ज्याला दोन दिवाळ्या जमले नव्हते, तो योगेश विमान, रेल्वे आणि दोन बोटी बदलून स्कॉटलंडच्या एका चिमुकल्या बेटावर राहून नाशिकला परतला. एवढ्या लांबून येणारा तीर्थ करूनच आला असणार, या श्रद्धेने आई नारळ घेऊन एसटीने आली आणि तिने त्याचे पाय धुतले.

"आई, तिथे एक म्हातारी एकटीच राहते. मुलगा समोरच्याच किनाऱ्यावर; पण त्याला म्हणे बोटीचा कंटाळा येतो. काय ही माणसं!"

"नको बोलू बाळा त्याला," पाय पुसत आई म्हणाली. "कामात राहत असंल. जिथं हाय तिथं सुखी राहो."