पंख्याची भेट

"भेट द्यायचाय का?" दुकानातल्या म्हातारीने हातवारे करून विचारलं. पेइशानने मान हलवली. म्हातारी निळा घडीचा पंखा रंगीत कागदात गुंडाळायला लागली. चांगला महाग होता. पण रुओलिनला कायमचं वाटेला लावायचं तर हात आखडून चालणार नव्हतं.

तैवानात, पेइशानच्या च्याई गावी, शेंबडं पोरसुद्धा सांगेल : पंखा भेट दिला की भेट संपली. ज्याला दिला त्याचं तोंड पुन्हा दिसत नाही. पेइशान कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती आणि असल्या गोष्टींना हसायची. जपानात, क्योतोत पाऊल ठेवल्यापासून मात्र तिचं हसू आटलं होतं.

ही शनिवार-रविवारची सहल खरं तर तिची आणि यूवेनची. एका गल्लीत वाढलेल्या, एका बाकावर बसलेल्या दोघी. पहिल्यांदा परदेशी जायचं ते दोघींनीच आणि क्योतोलाच, हे शाळेतच ठरलेलं. तिकिटं काढायच्या दिवशी यूवेन म्हणाली, "वर्गातल्या रुओलिनलाही घेऊ या ना. ती लहानपणी कोबेत वाढलीये, भाषेची चिंताच मिटेल."

मिटली. विमानातून उतरल्यापासून रुओलिन बोलत होती आणि यूवेन तिच्या तोंडाकडे बघत होती. नूडल्स रुओलिनने मागवल्या, बस रुओलिनने शोधली, छत्रीही तिचीच आणि छत्रीत यूवेन. पेइशानने काय केलं? फोटो काढले. त्या दोघींचे. या सहलीसाठी घोकघोक घोकलेलं जपानी घशातच राहिलं, आणि जळून जळून तिचा नुसता कोळसा झाला.

देवळाच्या चढावर चहाच्या दुकानात तिघी टेकल्या. यूवेन पाकीट टेबलावर टाकून हात धुवायला गेली. पेइशानने संधी साधली.

"रुओलिन, हे तुला."

"मला? अगं, कशाबद्दल?"

"सगळीकडे तूच सांभाळून घेतेयस आम्हाला. म्हणून."

रुओलिनने कागद अलगद सोडवला आणि पंखा उघडला. "बाई गं, किती सुंदर! इकडे लग्नात देतात, माहितीये? पंखा पसरत जातो तसं नशीब पसरत जातं म्हणे." मग ती जरा थांबली. "एक सांगू? मला वाटत होतं, मी आलेलं तुला आवडलं नाहीये."

"काहीतरीच तुझं," पेइशान म्हणाली. तिला लाज वाटली, पण फार वेळ टिकली नाही.

यूवेन ओले हात झटकत परत आली. रुओलिनने लगेच पंखा नाचवला. "बघ, पेइशानने दिला!"

यूवेन बसली नाही. तिने पंख्याकडे पाहिलं, मग पेइशानकडे.

"तू दिलास? हिला? पंखा?"

"इथली खासियत आहे ना," पेइशान चहात बघत म्हणाली.

"च्याईचीसुद्धा आहे."

रुओलिनचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे? काय झालं?"

"काही नाही गं. आमच्या गावचं आहे ते." यूवेन तिच्याशेजारी बसली. "रुओलिन, हा मला देशील? मला फार आवडलाय. तुला खाली उतरताना याहून भारी काहीतरी घेते, शप्पथ."

"तू पण ना! हावरट कुठली!" रुओलिन हसली आणि पंखा तिच्या हातात दिला.

यूवेनने तो नीट मिटला. आणि पेइशानच्या बशीशेजारी ठेवला.

"आता तू मला दे. तुझ्या हाताने."

"यूवेन, पोरकटपणा करू नकोस."

"का? हिला प्रेमानेच दिलास ना? मग मलाही दे."

रुओलिन दोघींकडे आळीपाळीने बघत होती. नाही म्हणावं तर सगळं तिथल्या तिथे उघडं पडणार होतं. पेइशानने पंखा उचलला. तिने तो पुढे केला.

यूवेनने तो दोन्ही हातांनी घेतला, परक्या माणसाकडून घ्यावा तसा, आणि किंचित वाकली.

"आभारी आहे."

आजवर या दोघींनी एकमेकींना कशाबद्दलही आभारी आहे म्हटलं नव्हतं. कसलं रसायनशास्त्र आणि कसलं काय. टेबलावर वाकून पेइशान हळूच, गल्लीतल्या बोलीत म्हणाली, "एक नाणं दे मला."

"कशाला?"

"तुला माहितीये कशाला. एक येन दे, काहीही दे. विकत घेतला म्हणू, मग ते लागत नाही. आजी करायची तसं. यूवेन, दे ना गं."

यूवेनचं पाकीट दोघींच्या मध्ये टेबलावर पडलं होतं. दोन दिवसांच्या चिल्लरीने ते इतकं फुगलं होतं की त्याचं बटणही लागत नव्हतं.

"सुटे नाहीत," यूवेन म्हणाली, आणि पंखा उघडून रुओलिनला वारा घालू लागली.