सोफीआजीच्या शेजारी

"थांबा! ऑस्करला भलत्याच बाईशेजारी पुरताय तुम्ही!"

विल्बर्ट कासेबाउम ओरडला आणि दोरांवरून खाली चाललेली ऑस्कर होल्शरची शवपेटी अधांतरी लोंबकळत राहिली. अख्खं आल्टेनहाइम गाव मागे वळून त्याच्याकडे बघू लागलं. विल्बर्टने काठीने वरची रांग दाखवली. ऑस्करची बायको तिकडे पुरलेली होती. इकडे शेजारी होती नोरा श्टुके. एका कुत्र्यापायी ऑस्कर तिच्याशी मरेपर्यंत बोलला नव्हता.

पास्टर टेल्गमाननी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "खड्डा बरोबर आहे, विल्बर्ट. नोरानंतर गावात ऑस्करच गेला. जो मरेल तो रांगेत पुढचा. नवरा-बायको, सोयरेधायरे असलं काही आपण बघत नाही. जर्मनीहून पहिलं जहाज आलं तेव्हापासून असंच चालत आलंय."

"म्हणजे शेजारी-शेजारी असली तरी ती नवरा-बायको नव्हेत?"

"पाठोपाठ मेली असतील तर योगायोग. सोडा रे दोर."

पेटी खाली गेली. विल्बर्ट कुणाच्या तरी खापरपणजीच्या दगडावर मटकन बसला.

सहा वर्षांपूर्वी, सेंट लुइसच्या बुटांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन तो आपली मुळं शोधत मिसूरीच्या या खेड्यात आला होता. बायको गेलेली, पोरबाळ नाही. आपलं म्हणायला जिवंत माणूस मिळेना, तेव्हा त्याने मेलेली शोधायला घेतली. पहिल्याच दिवशी खापरपणजोबा गॉटलीबचं थडगं सापडलं. शेजारी सोफी ब्रूनिंग. आडनाव माहेरचं लावलं असेल, असं त्याने धरलं. वर्ष एकच, महिना एकच. विल्बर्टचे डोळे भरून आले. नवऱ्यामागे महिनाभरसुद्धा जगली नाही बिचारी! झाली ती त्याची खापरपणजी.

पुढे गॉटलीबचं मृत्युपत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं, 'माझी बायको मार्गारेटे हिला शेगडीजवळची खुर्ची, एक गाय आणि विहिरीकडच्या झाडाची सफरचंदं ती जगेल तोवर द्यावीत.' विल्बर्टने ठरवलं, नाव लिहिताना कारकून चुकला. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत गॉटलीबच्या प्रत्येक मुलाची आई मार्गारेटेच निघाली. विल्बर्टने ठरवलं, तेव्हाचा पास्टर पीत असावा. कागद खोटं बोलतो, दगड खोटं बोलत नाही, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. खालच्या उतारावर एक मार्गारेटे कासेबाउम पडली होती. दर ईस्टरला सोफीची फुलं घेऊन तो तिला ओलांडून जात असे.

सोफीच्या माहेरच्या घराण्यात आता गावात एकटी एल्डा उरली होती. ब्रूनिंगांची लेक, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. विल्बर्टने वंशावळ मांडली तर ती एक पिढी वर निघाली. म्हणजे नात्याने त्याची आत्या. वयाने चार वर्षांनी लहान, पण नातं ते नातं. तो तिला आत्या म्हणू लागला. दर रविवारी तिच्याकडे डुकराचं मटण आणि आंबवलेला कोबी जेवू लागला आणि जेवता जेवता तिच्यावर त्याचा जीव जडला. ती वाढायला वाकली की हा घास घ्यायचाच विसरायचा. मग रात्रभर तो स्वतःला शिव्या घालायचा. आत्याकडे असं कुणी बघतं का?

आणि आज कळलं, आत्याच नव्हे!

विल्बर्ट उठला आणि या वयात कुणी धावू नये तसा धावत सुटला. वाटेत मार्गारेटेच्या दगडापाशी टोपी काढून त्याने मनापासून माफी मागितली. उतार संपेपर्यंत तो हवेतच होता. एल्डाच्या फाटकाशी मात्र पाय अडखळले. आत्या नाही, तर आपण हिचे कोण? कुणीच नाही. सहा वर्षं आपण एका परक्या बाईच्या घरी जेवलो. खरं सांगितलं तर एल्डा हातची जाईल, नाही सांगितलं तर जन्मभर भाचा. त्याला रडू फुटायचं बाकी होतं.

एल्डा मयताच्या जेवणासाठी उकडलेले बटाटे सोलत होती.

"एल्डा," तो दारातूनच म्हणाला.

सुरी थांबली. आत्याशिवाय नुसतं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं.

"सोफी माझी कुणी लागत नाही. ती आणि गॉटलीब फक्त पाठोपाठ मेली. मी तुझा भाचा नाही, एल्डा. मी कुणीच नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"रांगेचं? कळायला लागल्यापासून. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं ते."

"आणि तरी मला आत्या म्हणू दिलंस?"

"मग काय करू? परका बाप्या विधवेच्या घरी एकदा कॉफीला आला तर चालतं. दुसऱ्यांदा आला की गावाला झोप लागत नाही. भाच्याला कोण अडवतो?" एल्डाने कमरेला बांधलेल्या फडक्याला हात पुसले. तिचे कान लाल झाले होते. "म्हटलं, चार-दोन महिने होऊ दे भाचा, तेवढ्यात गावात कुणीतरी मरेल, हा मातीला जाईल आणि आपोआप शहाणा होईल. दर मयताला निरोप धाडत होते तुला. सहा वर्षांत आजच्याआधी एकाही मातीला गेला नाहीस रे, मेल्या!"